आंत्ररोधाची दुर्बीण-शस्त्रक्रिया : मुंबई ते पिंपळनेर

१. विषयप्रवेश

वैद्यकाचा इतिहास लिहिताना शोधाची तारीख आणि शोधकाचे नाव यांना जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे त्या शोधाच्या पुढील प्रवासाला सहसा मिळत नाही. एखादी शस्त्रक्रिया कील येथे किंवा मुंबई येथे अमुक वर्षी प्रथम झाली, ही नोंद आवश्यकच होय. तथापि ज्या रोग्याच्या उपयोगी ती पडावयाची तो सह्याद्रीच्या पायथ्याशी एखाद्या पाड्यात राहत असेल, तर त्याच्या दृष्टीने तिचे वर्ष निराळे ठरते. ती शस्त्रक्रिया वेळेत गाठता येईल अशा अंतरावर आणि झेपेल अशा खर्चात ज्या वर्षी आली, ते तिचे खरे वर्ष. पोटाला मोठा छेद न घेता, दुर्बिणीच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या आंत्ररोधावरील शस्त्रक्रियेचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

त्यासाठी पिंपळनेर हे ठिकाण सोयीचे आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या काठी वसलेले हे बाजाराचे गाव. एके काळी हा संपूर्ण तालुकाच पिंपळनेर या नावाने ओळखला जाई. साक्री हे नाव त्याला पुढे मिळाले. गावाच्या पश्चिमेस व दक्षिणेस डोंगराळ मुलूख असून त्यात मुख्यतः भिल्ल व कोकणा समाजांची वस्ती आहे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा पिंपळनेर पश्चिम खानदेशात गेले. १९०० साली चाळीसगावाहून धुळ्यापर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि ताप्ती व्हॅली रेल्वे नवापूर-नंदुरबारमार्गे गेली. या दोहोंच्या मध्ये पिंपळनेरचा मुलूख रेल्वेवाचून राहिला. धुळ्याचे सत्तर-ऐंशी किलोमीटरांचे अंतर रस्त्यानेच कापावे लागे. आंत्ररोधासारख्या, तासांच्या हिशेबाने बिघडत जाणाऱ्या विकारात या भूगोलाला वैद्यकीय अर्थ प्राप्त होतो.

२. आंत्ररोध : ज्ञानाची पूर्वपीठिका

आतड्याचा मार्ग अडला म्हणजे पोटात थांबून थांबून कळा येतात, ओकाऱ्या होतात, पोट फुगते आणि शौच व वायू सरणे बंद होते. हे चित्र प्राचीन वैद्यांना परिचित होते. सुश्रुतसंहितेत उदररोगाच्या आठ प्रकारांपैकी बद्धगुद हा एक सांगितला असून चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायात त्याची शस्त्रक्रियाही दिली आहे. नाभीच्या खाली, डाव्या बाजूस, रोमराजीपासून चार अंगुळे सोडून पोट उघडावे. चार अंगुळे प्रमाणात आतडी बाहेर काढून निरखावीत. अडथळा करणारा खडा, केस किंवा मळ दूर करावा. आतड्यांना मध व तूप लावून ती जागच्या जागी ठेवावीत आणि बाहेरील जखम शिवावी, असा तिचा क्रम आहे. आतड्यास छिद्र असल्यास त्याच्या कडा काळ्या मुंग्यांच्या चाव्याने जुळवून घेण्याची सूचनाही तेथेच येते. ही शस्त्रक्रिया प्रत्यक्षात किती वेळा झाली असेल हा प्रश्न वेगळा. परंतु आतडी थोडथोडी बाहेर काढून पाहावीत हा विचार ग्रंथकारापुढे स्पष्ट होता, एवढे निश्चित.

युरोपात या विकाराचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात झाला. प्राग येथील शरीररचनाशास्त्रज्ञ ट्राइट्झ याने १८५७ साली ग्रहणीजवळच्या पर्युदराच्या खळग्यात आतडे शिरून अडकण्याचा प्रकार, म्हणजे पोटातल्या पोटात होणारा अंतर्गळ, सविस्तर वर्णिला. लंडनच्या फ्रेडरिक ट्रीव्ज याचा आंत्ररोधावरील ग्रंथ १८८४ साली प्रसिद्ध झाला. मात्र रोग्याचे प्राण वाचण्याच्या दृष्टीने खरा पालट विसाव्या शतकात, चाकूशिवायच्या दोन उपायांनी घडून आला. एक, शिरेतून क्षारयुक्त पाणी देणे. आणि दुसरा, नाकावाटे जठरात नळी घालून आतील द्रव व वायू शोषून घेणे. हा दुसरा उपाय मिनेआपोलिसच्या ओवेन वांगेनस्टीन याने १९३० नंतरच्या दशकात रूढ केला. साठलेला द्रव निघून गेला की फुगवटा उतरतो, आतड्याच्या भिंतीवरील ताण कमी होतो आणि शस्त्रक्रियेसाठी रोग्याला बळ येते. क्वचित शस्त्रक्रियेची गरजही उरत नाही. या दोन साध्या साधनांचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागणार आहे.

३. कोसल्यात गुरफटलेले आतडे

आंत्ररोधाची नेहमीची कारणे म्हणजे अंतर्गळ, पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी परस्परांस चिकटणे, क्षय, अर्बुद आणि, लहान मुलांत, जंतांचा गुंता. याखेरीज काही कारणे इतकी विरळ आहेत की शल्यविशारदाला सबंध आयुष्यात ती एकदोनदाच भेटतात. त्यांपैकी एक भारतीय अभ्यासकांस विशेष विचारात घ्यावे लागते. या विकारात लहान आतड्याचा काही भाग, किंवा सर्वच लहान आतडे, जाड, पांढुरक्या तंतुमय पडद्याच्या पिशवीत गुरफटून जाते. ओव्‌चिनिकोव्ह याने १९०७ साली पर्युदराचा जुनाट, तंतुमय, आवरण घालणारा दाह असे त्याचे वर्णन केले. पुढे १९७८ साली सिंगापूरच्या फू व त्याच्या सहकाऱ्यांनी ऋतुप्राप्तीच्या वयातील दहा मुलींमध्ये आढळलेला हा प्रकार प्रसिद्ध केला आणि त्याला रेशीमकिड्याच्या कोसल्यावरून नाव दिले. ते नाव पुढे सर्वत्र रूढ झाले.

कारणाविषयी मात्र एकवाक्यता झाली नाही. मुलींच्या वयाशी फू यांनी जोडलेला संबंध पुरेसा नाही, हे पुरुषांतही हा विकार आढळू लागल्यावर दिसून आले. प्रॅक्टोलॉल या हृदयविकारावरील औषधाने पर्युदराला असा पडदा येतो हे १९७० नंतरच्या दशकात उघडकीस आले व ते औषध मागे घेण्यात आले. मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे दीर्घकाळ पर्युदरातून रक्तशुद्धी करून घेणाऱ्या रोग्यांतही हा पडदा आढळला. भारतात यांहून मोठे कारण म्हणजे पोटाचा क्षय. येथील रोग्यांत पडद्याचा तुकडा तपासला असता क्षयाच्या खुणा वारंवार मिळाल्या आहेत. अर्थात ज्या प्रदेशात क्षय अधिक, त्या प्रदेशातील वैद्याने हा विरळ विकार मनात बाळगणे अगत्याचे ठरते.

या विकाराचे दुर्दैव असे की शस्त्रक्रियेपूर्वी त्याचे निदान क्वचितच होत असे. रोगी वर्षानुवर्षे अधूनमधून पोट दुखते, जेवण जात नाही, वजन उतरते असे सांगत राहतो. प्रत्येक वेळी कळ आपोआप शमते आणि अपचन म्हणून ती विसरली जाते. शेवटी एके दिवशी आतडे पुरते अडते, पोट उघडले जाते आणि आत आतड्यांऐवजी गुळगुळीत पिशवी पाहून शस्त्रक्रिया करणारा थबकतो. पिशवी म्हणजेच आतडे असे समजून ते कापून टाकण्याचा मोह येथे घातक ठरतो. संगणकीय क्ष-किरण छायाचित्रण, म्हणजे सीटी स्कॅन, जिल्ह्याच्या गावी उपलब्ध झाल्यापासून आतडी एका जागी गोळा होऊन पडद्यात बांधल्यासारखी दिसणे ही खूण आधीच ओळखता येऊ लागली.

४. दुर्बिणीचा प्रवास

पोटात दुर्बीण घालून पाहण्याचा पहिला प्रयोग ड्रेस्डेनच्या गेऑर्ग केलिंग याने १९०१ साली हांबुर्ग येथील सभेत एका कुत्र्यावर करून दाखविला. १९१० साली स्टॉकहोमच्या याकोबेयुस याने तीच पद्धत मनुष्यावर वापरली. त्याचे रोगी जलोदराचे होते, ही गोष्ट भारतीय वाचकाने लक्षात ठेवावी. पोटात पाणी का साठले याचे उत्तर डोळ्यांनी पाहून मिळवावे हा त्याचा हेतू होता. त्यानंतर अनेक दशके हे साधन मुख्यतः निदानापुरते राहिले. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स याने काचेच्या लांब दांड्यांची नवी भिंगरचना सिद्ध केली आणि १९६० नंतरच्या दशकात ती बाजारात आली, तेव्हा चित्र उजळ व स्वच्छ दिसू लागले. स्त्रीरोगतज्ज्ञांनी ते प्रथम आपलेसे केले. कील येथील कुर्ट सेम याने १९८० साली दुर्बिणीद्वारे आंत्रपुच्छ काढले, तेव्हा जर्मन शल्यविशारदांतून त्याचा निषेध झाला. १९८५ साली एरिख म्यूहे याने पित्ताशय काढले आणि १९८७ साली ल्यों येथे फिलिप मूरे याने तीच शस्त्रक्रिया केल्यानंतर ती जगभर पसरली.

आंत्ररोध मात्र या लाटेत बराच काळ वगळला गेला. त्याचे कारण सयुक्तिक होते. दुर्बिणीने काम करावयाचे तर पोटात कार्बन डायॉक्साइड वायू भरून, पाऱ्याच्या साधारण बारा ते पंधरा मिलिमीटर दाबाने, पोटाची भिंत वर उचलावी लागते व अशा रीतीने जागा करून घ्यावी लागते. आंत्ररोधात ती जागा फुगलेल्या आतड्यांनी आधीच व्यापलेली असते. त्यांची भिंत पातळ झालेली असते. पहिली नळी आत घालतानाच आतड्यास भोक पडण्याची भीती असते. म्हणून आंत्ररोध हा दुर्बिणीस वर्ज्य मानला गेला. १९९१ साली आतड्यांच्या चिकटलेल्या पट्ट्या दुर्बिणीद्वारे सोडवून अवरोध दूर केल्याचे प्रसिद्ध झाले आणि हा निर्बंध हळूहळू सैल होत गेला. पहिली नळी आंधळेपणाने न खुपसता लहानशा छेदातून, डोळ्यांदेखत आत घालण्याची हॅसन याने १९७१ साली सांगितलेली रीत या कामी विशेष उपयोगी पडली.

५. मुंबई : १९७२ ते १९९०

महाराष्ट्रातील या शास्त्राचा इतिहास मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयापासून सुरू होतो. डॉ. तेहेम्टन उदवाडिया (जन्म १९३४) यांनी तेथे १९७२ साली दुर्बिणीद्वारे उदरपरीक्षेस आरंभ केला. त्या काळी शल्यविशारदाने या साधनाकडे वळणे हे पाश्चात्त्य देशांतही अपवादात्मक होते. त्यांच्या पुढील परिस्थिती मात्र याकोबेयुसच्या परिस्थितीशी मिळतीजुळती होती. सार्वजनिक रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांत जलोदर, यकृताचे विकार व पोटाचा क्षय यांचे प्रमाण मोठे. सीटी स्कॅन अद्याप भारतात यावयाचे होते. आणि केवळ निदानासाठी पोट उघडणे हे कुपोषित, क्षीण रोग्याला परवडणारे नव्हते. एका बोटाएवढ्या छिद्रातून पर्युदरावरचे क्षयाचे दाणे पाहावेत, तेथील तुकडा घ्यावा आणि औषधोपचार सुरू करावेत, ही रीत येथील गरजेतून वाढली. मे १९९० मध्ये उदवाडिया यांनी याच रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. भारतातील, किंबहुना विकसनशील देशांतील ही पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. शासनाने त्यांना २००६ मध्ये पद्मश्री व २०१७ मध्ये पद्मभूषण देऊन गौरविले.

या अठरा वर्षांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. दुर्बीण-शस्त्रक्रिया १९९० नंतर परदेशातून तयार स्वरूपात आली असा सर्वसाधारण समज आहे. पित्ताशयापुरता तो बरोबरही आहे. परंतु क्षयाने झाकोळलेले, चिकटलेले, पडद्याने वेढलेले पोट दुर्बिणीतून कसे दिसते, हा अनुभव मुंबईत त्यापूर्वीच साठत होता. कोसल्यातील आतड्याचे निदान व सुटका यांसाठी नेमका हाच अनुभव लागतो.

६. खेड्यात दुर्बीण प्रथम कशासाठी आली

खानदेशाच्या ग्रामीण भागाला दुर्बिणीची ओळख निराळ्या वाटेने झाली. आणीबाणीच्या काळातील (१९७५–७७) पुरुष-नसबंदीच्या मोहिमेनंतर कुटुंबनियोजनाचा भार स्त्रियांवर सरकला. गर्भनलिकेवर बसवावयाचे लहान कडे १९७४ साली अमेरिकेत इन बे यून याने प्रचारात आणले होते. ते दुर्बिणीतून थोड्या वेळात बसविता येई. १९८० च्या सुमारापासून देशभर शिबिरांतून ही शस्त्रक्रिया होऊ लागली. मराठीत तिला ‘बिनटाक्याची’ असे नाव पडले व त्याच नावाने ती घरोघर पोहोचली.

परिणामी ग्रामीण मनात दुर्बिणीचा संबंध रोगाशी न जुळता शिबिराशी, उद्दिष्टाच्या आकड्यांशी आणि घाईशी जुळला. ज्या साधनाने मुंबईत क्षयाचे निदान होत होते, तेच साधन गावात येई तेव्हा दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी गाडीतून परत जाई. तेथे त्यामागे भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह व रात्रपाळीची परिचारिका अशी कायमची व्यवस्था उभी राहिली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडातील बिलासपूर जिल्ह्यात अशा शिबिरानंतर तेरा स्त्रिया मृत्यू पावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिबिरपद्धती तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. साधन खेड्यात पोहोचणे आणि उपचार खेड्यात पोहोचणे या दोहोंतील अंतर दाखविणारे याहून कडवे उदाहरण मिळणे कठीण.

७. कोसला सोडविण्याची क्रिया

या शस्त्रक्रियेत प्रथम नळी व शिरेतील पाणी यांनी पोटाचा फुगवटा उतरविला जातो. नंतर पडद्यापासून दूर असलेल्या जागी छेद घेऊन पहिली नळी उघड्या रीतीने आत घातली जाते. पाच ते दहा मिलिमीटरांच्या दोनतीन छिद्रांतून चिमटे व कात्री आत जातात. पडद्याचा एखादा विरळ भाग शोधून तो उचलावयाचा, त्यास चीर पाडावयाची आणि संत्र्याची साल सोलावी त्याप्रमाणे तो आतड्यांवरून अलगद दूर करावयाचा. त्याखाली आतड्यांचे वेढे परस्परांस चिकटलेले असतात. ते एकेक करून मोकळे केले जातात. पडद्याचा तुकडा तपासणीस पाठविला जातो. जिवंत आतडे कापावयाचे नाही हा येथील मुख्य दंडक होय; कारण कोसल्यातील आतडे बहुधा निरोगी असते व अनाठायी छेदामुळे गळती होऊन रोगी दगावतो. क्षय सिद्ध झाल्यास त्यावरील औषधांचा पूर्ण क्रम घ्यावाच लागतो. तो टाळल्यास शस्त्रक्रिया अपुरी राहते.

छेद लहान असल्याचा लाभ केवळ व्रणाच्या सौंदर्यापुरता नाही. वेदना कमी, चालणे-फिरणे लवकर, जखम उसवण्याचे भय थोडे आणि पुन्हा चिकटण्याची शक्यता मोठ्या छेदापेक्षा कमी. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबात दोन महिन्यांऐवजी दोनतीन आठवड्यांत कामावर परतता येणे ही लहान गोष्ट नव्हे. तथापि पडदा जाड असला, आतडे फार फुगलेले असले किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका आली, तर दुर्बीण बाजूस ठेवून पोट उघडणे हेच शहाणपणाचे. असा निर्णय घेणे हा पराभव समजला जाऊ नये, ही शिकवण अनुभवी शल्यविशारद आपल्या विद्यार्थ्यांस आवर्जून देतात.

८. धुळ्याचा रस्ता

आता पुन्हा पिंपळनेरकडे वळावयाचे. १९८९ साली धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. तोवर खानदेशात असे शासकीय महाविद्यालय नव्हते आणि अवघड रोग्यास नाशिक किंवा मुंबईची वाट धरावी लागे. जळगाव येथे २०१८ मध्ये व नंदुरबार येथे २०२० मध्ये शासकीय महाविद्यालये निघाली. शल्यविद्येचा प्रसार महाविद्यालयांच्या मागोमाग होतो. तेथे शिकलेले तरुण आसपासच्या तालुक्यांत स्थिरावतात आणि त्यांच्याबरोबर साधनेही येतात.

दुसरा पालट खर्चाच्या बाजूने झाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. धुळे हा त्यांपैकी एक होता. पुढील वर्षी ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू राहिली. २०१४ च्या आरंभी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात आली. अशा रीतीने महाविद्यालय, विमा व वाहन ही तीन अंगे १९८९ ते २०१४ या पंचवीस वर्षांत जुळून आली. मुंबईतील १९७२ चा आरंभ आणि खानदेशातील रोग्याला त्याचा लाभ मिळण्याची शक्यता यांमध्ये सुमारे चार दशकांचा काळ गेला.

यंत्राच्या बाजूने खेड्यास अनुकूल असा एक प्रयत्नही नोंदण्याजोगा आहे. १९९० नंतर लवकरच जपानमध्ये वायू न भरता पोटाची भिंत यांत्रिक रीतीने वर उचलण्याची पद्धत पुढे आली. वायू नसल्याने कण्यातून दिलेल्या भुलीवर काम भागते. वायूची टाकी व पूर्ण भुलीची सामग्री यांवाचून अडत नाही. भारतात डॉ. ज्ञानराज यांच्यासारख्या ग्रामीण शल्यविशारदांनी, विशेषतः ईशान्येकडील राज्यांत, ही पद्धत चालविली. ग्रामीण शल्यविद्या ही शहरी शल्यविद्येची निकृष्ट प्रत नसून तिचे स्वतःचे शास्त्र आहे, हा विचार मुंबईचे डॉ. नोशीर अंतिया यांनी हिरिरीने मांडला होता. वायुविरहित पद्धत हे त्याचे एक समर्पक उदाहरण म्हणता येईल. तिला मर्यादाही आहेत. स्थूल रोग्यात किंवा फार फुगलेल्या पोटात तीत पुरेशी जागा मिळत नाही. म्हणून तीव्र आंत्ररोधात तिच्यावर विसंबणे युक्त ठरणार नाही.

९. उपसंहार

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की महाराष्ट्रातील दुर्बीण-शस्त्रक्रियेची मुळे १९९० च्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपेक्षा खोल, १९७२ पासूनच्या क्षय व जलोदर यांच्या निदानकार्यात आहेत. दुसरा असा की ग्रामीण भागात हेच साधन कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून आल्यामुळे त्याच्याभोवती उपचारांची स्थायी व्यवस्था वेळेवर उभी राहू शकली नाही. तिसरा निष्कर्ष व्यवहाराचा आहे. कोसल्यातील आतडे सोडविणारा हात धुळ्यास असला, तरी रोग्याचे भवितव्य पुष्कळ अंशी पिंपळनेरलाच ठरते. वारंवार येणाऱ्या पोटकळेची व उतरणाऱ्या वजनाची दखल घेणे, क्षयाची शंका धरणे, ओकारी व फुगवटा दिसताच नाकातून नळी घालून व शिरेतून पाणी सुरू करून रोग्यास विनाविलंब पुढे पाठविणे, एवढे प्राथमिक केंद्रात झाले तर दुर्बिणीला काम करण्यास अवकाश राहतो. ते न झाल्यास रोगी टेबलावर येतो तेव्हा आतडे काळे पडलेले असते आणि लहान छेदाचा प्रश्नच उरत नाही.

या विषयाची पुष्कळशी साधनसामग्री अद्याप विखुरलेली आहे. तालुक्याच्या दवाखान्यांतील जुन्या नोंदवह्या, जिल्हा रुग्णालयाचे शस्त्रक्रियांचे दप्तर, विमायोजनेखालील दावे आणि जुन्या डॉक्टरांच्या आठवणी ही सर्व साधने काळाच्या ओघात नष्ट होण्याजोगी आहेत. खानदेशातील वैद्यकाचा इतिहास रोग्याच्या बाजूने लिहावयाचा असेल, तर ती गोळा करण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेणे अगत्याचे आहे.